कस्टम लूप गळतोय? लीक शोधण्यापासून पीसी परत चालू करण्यापर्यंत सगळं

कस्टम वॉटर कूलिंगवाल्या पीसीत (म्हणजे पंप, रिझर्व्हॉयर नावाची टाकी, रेडिएटर आणि चिपवर बसणारे वॉटरब्लॉक ट्यूबने जोडून केलेला लूप) कूलंट गळताना दिसलं की बहुतेक लोक दोनपैकी एक गोष्ट करतात, एकतर चालू पीसीत हात घालून दिसेल ते फिटिंग (ट्यूब जोडायचा जोड) आवळायला लागतात नाहीतर टिश्यूने पुसून घेतात आणि रात्री बघू म्हणून काम चालू ठेवतात. दोन्हींनी वाट लागते. बोर्ड नुसता ओला झाला म्हणून सहसा मरत नाही, ओला असताना त्यातून करंट वाहत राहिला की मरतो, आणि उरलेले वाचलेले पार्ट नीट वाळायच्या आत चालू केले की मरतात. त्यामुळे खालचं सगळं त्याच क्रमाने करा, मधली पायरी गाळू नका.

आधी वीज, बाकी सगळं नंतर

शटडाउन करत बसू नका. सेव्ह करायचं राहिलं असेल तर राहू दे. सरळ भिंतीवरचं बटण बंद करा आणि प्लग काढा. आपल्याकडे एक गोष्ट हमखास विसरली जाते ती म्हणजे यूपीएस, भिंतीवरून वीज तोडली तरी यूपीएस बॅटरीवर पीसीला सप्लाय देतच राहतो, म्हणून पीसीची केबल यूपीएसमधून उपटायची. घराला इन्व्हर्टर असेल तर बटण बंद केल्यावर प्लगही काढलाच पाहिजे. पाणी पॉवर सप्लायवर किंवा खालच्या एक्स्टेन्शन बोर्डावर पडलेलं दिसत असेल तर त्याला हात लावू नका, आधी एमसीबी पाडा.

विंडोज बंद केलं म्हणजे वीज गेली असं नसतं. पॉवर सप्लायचं मागचं बटण चालू असेपर्यंत मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय सप्लाय मिळत असतो, बोर्डावरचे एलईडी त्यामुळेच पेटलेले दिसतात, आणि ओल्या बोर्डावर तांब्याच्या पिना खाऊन टाकायला तेवढे ५ व्होल्ट भरपूर झाले. प्लग काढल्यावर पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे साठलेला चार्ज जातो. मग मदरबोर्डवरची सीआर२०३२ ची बिल्ला बॅटरी पण काढा, बायोसची सेटिंग जातील पण ती परत करता येतात.

अजून एक, घरात लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर असेल तर खाली सांडलेलं कूलंट लगेच पुसून घ्या. बऱ्याच कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि चांगलंच विषारी असतं, प्राणी ते चाटतात.

पुसायच्या आधी फोटो काढा

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय कारण इथेच लीकचा पुरावा पुसला जातो. थेंब जिथे दिसतो तिथे लीक असेलच असं नाही, पाणी ट्यूबच्या खालच्या अंगाने सरकत सरकत कुठून कुठे जातं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून ओघळ कुठून आलाय ते बघा, आणि कायम खालून वर शोधत जा.

एका मित्राच्या पीसीत ग्राफिक्स कार्डच्या बॅकप्लेटच्या (कार्डच्या पाठीवरच्या पत्र्याच्या) कोपऱ्याला थेंब लटकत होता, त्यामुळे कार्डचा वॉटरब्लॉक फुटला असंच सगळे धरून चालले होते. टॉर्च मारला तर बॅकप्लेटवर एक बारीक गुलाबी रेघ, रेघेच्या वर बरोबर ट्यूबचा बाक, त्या बाकाच्या पोटाला ओल आणि ट्यूबचा वरचा भाग ठणठणीत कोरडा. ओल धरत वर गेलो तर ती सीपीयू ब्लॉकवरच्या ९० डिग्रीच्या रोटरी फिटिंगपाशी संपत होती. टिश्यूला पीळ देऊन त्याचं टोक रोटरीच्या फिरणाऱ्या जोडाच्या खाचेत घातलं, बाहेर आलं ते गुलाबी होऊन. ब्लॉकला काहीच झालं नव्हतं, तो विनाकारण उघडला गेला असता.

कूलंट रंगीत असेल तर हे सोपं जातं, त्यात यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) असेल तर यूव्ही टॉर्चने अजून सोपं. बिनरंगाचं पाणी असेल तर टिश्यूच्या पट्ट्यांवर स्केचपेनने ठिपके काढा आणि प्रत्येक जोडाखाली एक एक पट्टी ठेवा, जिथे ओल लागेल तिथला ठिपका फुटून पसरतो, अगदी अर्धा थेंब असला तरी कळतं.

रिझर्व्हॉयरमधली पातळी खाली गेली म्हणजे लीकच असं पण नाही. नवीन लूपमध्ये रेडिएटरात अडकलेले हवेचे बुडबुडे पहिले काही दिवस बाहेर येत राहतात आणि पातळी उतरते. सॉफ्ट ट्यूबच्या रबरातूनही वर्षभरात थोडं पाणी उडून जातं. रिझर्व्हॉयरवर मार्करने रेघ मारून तारीख लिहा, पातळी हळूहळू उतरून स्थिरावली तर काळजी नाही, एकदम उतरली किंवा उतरतच राहिली तर शोधायला लागा.

पावसाळ्यात मुंबई-कोकणातले लोक विचारतात की ट्यूबवर दव धरतं का. साध्या लूपमध्ये नाही धरत, कारण पाणी खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊच शकत नाही. त्यामुळे ट्यूबवर ओल दिसली तर तो हवेतला दमटपणा म्हणून सोडून देऊ नका, ती लीकच धरा.

लूप रिकामा करणे

लूपच्या सगळ्यात खालच्या जागी बॉल व्हॉल्व्ह लावलेला असेल तर निम्मं काम झालं. नळी जोडून बादलीत सोडा, व्हॉल्व्ह उघडा आणि मग रिझर्व्हॉयरचं वरचं झाकण हळूच सैल करा. झाकण बंद असेपर्यंत आत हवा शिरत नाही, पाणी अडून बसतं आणि मध्येच भसकन येतं. व्हॉल्व्ह नसेल तर सगळ्यात खालचं फिटिंग शोधा, त्याच्याखाली परातीसारखं पसरट भांडं ठेवा, ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लायवर जाड टॉवेल टाका आणि मगच सोडा. साधारण लूपमध्ये एक लिटरच्या आसपास पाणी असतं, ऐकायला कमी वाटतं पण केसमध्ये सांडलं की भरपूर होतं. केस कलती करायची तर पॉवर सप्लायच्या बाजूला अजिबात नाही.

ओले पार्ट: साफ करणे आणि वाळवणे

हे दुरुस्तीच्या आधी सुरू करायचं, म्हणजे इकडे पार्ट वाळतात आणि तिकडे तुम्ही लीक दुरुस्त करता.

बाटलीवर नॉन-कंडक्टिव्ह लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. शुद्ध डिस्टिल्ड पाण्यातून वीज जवळपास जात नाही हे खरं, पण तेच पाणी काही महिने तांबं, निकेल, पितळ यांवरून फिरलं की त्यात आयन उतरतात, वर बोर्डावरची धूळ मिसळते, आणि मग ते चांगलं कंडक्टिव्ह होतं. पाणी सुकलं तरी ग्लायकॉल आणि रंगाचा चिकट थर मागे राहतो आणि तो हवेतला ओलावा ओढून घेतो. म्हणून नुसतं वाळवून चालत नाही, धुवावं लागतं.

ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी सगळं बाहेर काढा. कार्ड भिजलं असेल तर बॅकप्लेट आणि ब्लॉक काढावाच लागेल कारण थर्मल पॅडच्या खाली पाणी मुरून बसतं, बाहेरून काही दिसत नाही. आधी डिस्टिल्ड पाण्यात किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कपड्याने रंग आणि चिकटपणा काढा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश घेऊन चिपच्या कडा, पीसीआय स्लॉट, रॅमचे स्लॉट, कनेक्टरच्या पिना हलक्या हाताने घासा. हे आयपीए मोबाइल रिपेअरवाले रोज वापरतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळून जाईल. सीपीयू सॉकेटच्या पिनांना मात्र ब्रश लावायचा नाही, तिथे वरून आयपीए सोडून हवेने उडवायचं. पिनांभोवती हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर गंज सुरू झालाय, ती पूर्ण जाईपर्यंत थांबू नका.

आणि हे नीट लक्षात ठेवा, आयपीए अ‍ॅक्रिलिकला लावायचं नाही. अ‍ॅक्रिलिकचा ब्लॉक, रिझर्व्हॉयर किंवा हार्ड ट्यूब अल्कोहोलने पुसली की त्यात केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि एक लीक काढता काढता दुसरा तयार होतो. अ‍ॅक्रिलिकला फक्त डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कपडा.

वाळवायला पंखा पुरतो. पार्ट उभे करून ठेवा म्हणजे पाणी निथळेल, टेबल फॅन लावा, हेअर ड्रायर लावलाच तर थंड हवेवर. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तांदूळ चिपखालचं पाणी ओढत नाही, उलट त्याची पिठी स्लॉटमध्ये जाते. किमान २४ तास, कार्डच्या किंवा सॉकेटच्या खाली पाणी गेलं असेल तर ४८. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ४८ पण कमीच पडतात, एसी ड्राय मोडवर ठेवलेली खोली असेल तर तिथे ठेवा किंवा बंद डब्यात भरपूर सिलिका जेलबरोबर अजून एक दिवस. घाईने हार्डवेअर जातं ते इथेच.

पॉवर सप्लायच्या आत पाणी गेलं असेल तर तो उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो. जाणकार माणसाला दाखवा नाहीतर नवीन घ्या. २००४ मध्ये अ‍ॅपलने पॉवर मॅक जी५ चं २.५ गिगाहर्ट्झवालं मॉडेल लिक्विड कूलिंग लावून काढलं होतं, त्यातल्या काही मशिन्समध्ये पुढे कूलंट गळलं आणि थेट तळाच्या पॉवर सप्लायपर्यंत पोचलं. आपल्या बहुतेक केसमध्येही पॉवर सप्लाय तळालाच असतो, म्हणजे गळलेला थेंब शेवटी तिकडेच जाणार.

आता दुरुस्ती

बहुतेक लीक फिटिंगपाशी असतात आणि तिथे आपली नळाची सवय आड येते. घरचा नळ गळला की प्लंबर टेफ्लॉन टेप गुंडाळून पान्याने आवळतो, कारण तिथे आटे पाणी अडवतात. पीसीच्या फिटिंगचे जी वन-फोर्थ (G1/4) मापाचे आटे सरळ असतात, ते फक्त फिटिंग धरून ठेवतात, पाणी अडवते ती खालची रबरी ओ-रिंग. त्यामुळे टेफ्लॉन टेप लावला तर ओ-रिंग नीट बसतच नाही. आणि पान्याने पिळलं तर रिंग चेपून खाचेबाहेर येते, अ‍ॅक्रिलिक असेल तर त्याला पोर्टपासून चीर जाते. हाताने घट्ट बसेपर्यंत, वर अगदी थोडंसं, बस.

गळणारं फिटिंग काढा, ओ-रिंग सुईने नाही तर बोथट प्लास्टिकच्या टोकाने बाहेर काढा आणि टॉर्चखाली बोटांवर फिरवत बघा. गोल रिंग एका बाजूला चपटी झालेली असेल, कुठे बारीक काप असेल, किंवा तिला कुत्र्याचा केस, धूळ, पॅकिंगचा धागा चिकटलेला असेल, यातलं एकच कारण पुरतं. त्याच कंपनीच्या त्याच फिटिंगची रिंग लावा, अंदाजाने हार्डवेअरच्या दुकानातली नको. बसवताना कूलंटच्या एका थेंबाने किंवा थोड्या सिलिकॉन ग्रीसने ओली करा. व्हॅसलिन, खोबरेल तेल, डब्ल्यूडी-४० यातलं काही नको, ओ-रिंगचं ईपीडीएम रबर तेलाने आणि पेट्रोलियमने फुगतं आणि सैल पडतं. जिथे फिटिंग बसतं ती पोर्टची कड पण नखाने चाचपून बघा, तिथे ओरखडा असेल तर कितीही रिंगा बदला, गळणारच.

रोटरी फिटिंगमध्ये अजून एक फिरता जोड असतो, म्हणजे गळायला अजून एक जागा. त्यावर ट्यूबचा ताण आला की हमखास पाझरते. गळलेली रोटरी दुरुस्त करत बसू नका, बदला, आणि ट्यूबची लांबी अशी ठेवा की फिटिंगला कुणी ओढत नाही.

हार्ड ट्यूबमध्ये गुन्हेगार बहुतेक वेळा ट्यूबचं टोक असतं. काप सरळ नसेल किंवा कड घासून गोल केली नसेल तर ट्यूब आत सारताना ती धारदार कड फिटिंगच्या आतल्या ओ-रिंगला कापते. कापलेलं टोक रीमरने (कड घासायच्या हत्याराने) आतून-बाहेरून घासा, बोट फिरवून बघा, बोटाला लागलं तर रिंगलाही लागणार. ट्यूब दोन-तीन मिलिमीटर आखूड झाली असेल तर ओढून बसवू नका, नवीन कापा.

पीईटीजी या प्लास्टिकच्या हार्ड ट्यूबबद्दल विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांसाठी जरा जास्त सांगतो. पीईटीजी साधारण ६० डिग्रीपासून मऊ पडायला लागते, आणि मऊ पडलेली ट्यूब फिटिंगमध्ये आकसते, मग सुटते. पुण्यात खोली ३० डिग्री असताना गेमिंगमध्ये पाणी ४०-४५ ला जातं. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर ४५ आणि एसी नसलेल्या खोलीत ४० असेल तर तोच लूप ५५ ला पोचतो, म्हणजे अगदी काठावर. अशा लूपमध्ये वापरल्या जाणाऱ्या डी५ पंपाची मर्यादा पण ६० डिग्रीच आहे. अशा ठिकाणी अ‍ॅक्रिलिक किंवा जाड ईपीडीएमची सॉफ्ट ट्यूब घ्या, लूपमध्ये पाण्याचं तापमान दाखवणारा सेन्सर लावा आणि ५० च्या पुढे गेलं की पीसी स्वतः बंद होईल असं सेटिंग करून ठेवा.

सॉफ्ट ट्यूब असेल तर ती फिटिंगच्या बार्बवर (ट्यूब ज्यावर चढते त्या तोंडावर) पूर्ण खालपर्यंत गेलीय ना आणि बाहेरून ट्यूब आवळणारी कॉम्प्रेशन रिंग तिरकी तर बसली नाही ना एवढं बघा. टोक कडक किंवा सैल झालं असेल तर सेंटिमीटरभर कापून परत बसवा.

रेडिएटर गळत असेल तर आधी फॅनचे स्क्रू बघा. २५ मिलिमीटर जाडीच्या फॅनला बहुतेक ठिकाणी ३० मिलिमीटरचा एम३ स्क्रू लागतो. तोच स्क्रू १५ मिलिमीटरच्या पातळ फॅनला वापरला की टोक सरळ रेडिएटरच्या नळीत घुसतं, काही रेडिएटरांना तिथे आडवी पट्टी असते पण सगळ्यांना नाही. भोक पडलेल्या रेडिएटरला एमसील थापू नका. तो रोज गरम-थंड होतो आणि एमसील एक दिवस सुटतो, तेही तुम्ही समोर नसताना. रेडिएटर बदला.

ब्लॉक उघडावा लागला तर आतली लांब ओ-रिंग खाचेत पूर्ण बसली की नाही हे पूर्ण वळणभर बघा आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळा. आत पांढरी पूड किंवा खड्डे दिसले तर लूपमध्ये कुठेतरी अ‍ॅल्युमिनियम आलंय का तपासा. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं, स्वस्तातला रेडिएटर किंवा फिटिंग घेताना हे खास विचारून घ्या.

भरायच्या आधी हवेची टेस्ट

पाणी भरून लीक शोधण्यापेक्षा हवा भरून शोधणं कधीही चांगलं, हवेने काही भिजत नाही. लीक टेस्टर म्हणजे छोटा हातपंप आणि त्याला प्रेशरचा काटा. रिकाम्या लूपला जोडा, ०.५ बार म्हणजे साधारण ७ पीएसआय भरा, त्याआधी तुमच्या रिझर्व्हॉयर आणि ब्लॉकच्या मॅन्युअलमधली कमाल मर्यादा वाचा. सायकलच्या मोठ्या पंपाने किंवा कंप्रेसरने भरायचं नाही, अ‍ॅक्रिलिक फुटून तुकडे उडतात.

अर्धा तास थांबा. काटा हलला नाही तर लूप पास. हवेच्या तापमानाने काटा थोडा हलू शकतो पण फार कमी, एका डिग्रीला जेमतेम ०.००५ बार. म्हणजे काटा ०.५ वरून ०.४ ला आला आणि तुम्ही एसीमुळे असेल असं म्हणालात तर ते खरं नाही, लीक आहे. मग लूपचे तुकडे करा, रेडिएटर वेगळा, कार्ड वेगळं, दुसऱ्या टोकाला स्टॉप प्लग लावून एकेक तपासा. बाहेर काढलेल्या रेडिएटरला साबणाचं पाणी ब्रशने लावलं तर बुडबुडा येईल ती जागा नेमकी कळते. साबण केसच्या आत न्यायचा नाही.

पाणी भरणे आणि फक्त पंप चालवणे

मदरबोर्डची २४ पिनची, सीपीयूची ८ पिनची आणि कार्डाची, तिन्ही केबल काढून ठेवा, वीज फक्त पंपाला. २४ पिनच्या केबलला जंपर प्लग लावला की पॉवर सप्लाय मदरबोर्डशिवाय चालू होतो. हा प्लग स्वस्त असतो, पेपरक्लिप वाकवून घालण्यापेक्षा तो घ्या.

पाणी डिस्टिल्ड किंवा तयार कूलंट. नळाचं, आरओचं नाही. बॅटरीच्या दुकानातलं पाणी पण बाटलीवर नीट वाचून घ्या, शक्यतो लॅबचं सामान विकणाऱ्याकडून आणा. रिझर्व्हॉयर भरा, पंप काही सेकंद चालू करा, पातळी उतरली की बंद करा, परत भरा. पंप कोरडा चालवू नका, त्याच्या बेअरिंगला वंगण म्हणून हेच पाणी असतं. भरताना वरचं झाकण उघडं ठेवा आणि शेवटी थोडी हवेची जागा राहू द्या, गरम झाल्यावर पाणी फुगतं.

प्रत्येक जोडाखाली ठिपकेवाल्या पट्ट्या ठेवा आणि पंप २४ तास चालू द्या. मध्ये एकदा केस थोडी हलवा, कलती करा.

पट्ट्या कोऱ्या राहिल्या आणि पार्ट पूर्ण वाळलेत याची खात्री झाली की आधी मदरबोर्ड, सीपीयू आणि एक रॅम एवढ्यावर चालू करा. सीपीयूत ग्राफिक्स असेल तर डिस्प्ले तिथून घ्या. सगळं ठीक दिसलं तर बाकीची रॅम, मग एसएसडी, आणि भिजलेलं कार्ड सगळ्यात शेवटी. जळका वास आला किंवा पंखे फिरून लगेच बंद झाले तर परत परत बटण दाबू नका, परत उघडून धुवा आणि वाळवा. शेवटी तासभर फुल लोड द्या आणि लूप गरम असतानाच सगळे जोड टिश्यूने तपासा, काही लीक फक्त गरम पाण्यातच दिसतात.

ज्यांना हे टेन्शनच नको त्यांच्यासाठी अ‍ॅक्वाकॉम्प्युटरचं लीकशील्ड नावाचं उपकरण आहे, ते लूपमधलं प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा कमी ठेवतं, त्यामुळे जोड सैल झाला तर पाणी बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते आणि तुम्हाला अलार्म मिळतो. महाग आहे, पण लाखभराचं कार्ड लूपमध्ये असेल तर मला तो खर्च पटतो.

पीसी टेम्पोने किंवा कुरिअरने हलवायचा असेल तर लूप रिकामा करूनच पाठवा आणि पोचल्यावर चालू करायच्या आधी हवेची टेस्ट परत करा, कारण रस्त्यातल्या धक्क्यांनी सैल झालेलं फिटिंग नुसतं बघून कळत नाही.